आख्ख्या आळीचा पी.पी. नंबर

ये गं, अशी जवळ सरक. तिकडं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसली असलीस तरी सरक, वाचताना सरकता येतं. आणि आधी तो मोबाईल पालथा ठेव. एक डोळा त्याच्यावर अन् एक माझ्यावर, असं मला चालायचं नाही. मागच्या महिन्यात आपल्या घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, "मोरीत पाय घसरला, घोटा सुजलाय." एवढं लिहायला मला अर्धी दुपार लागली. त्यावर काय आलं? अंगठे आले. गुलाब आले. तुझ्या मोठ्या काकानं "अभिनंदन" लिहिलं. आणि माझ्या लाडक्या नातीनं, म्हणजे तू, हात जोडून पाठवलेस. अगं, मी काय देवळात बसलेय? घोट्याला हळद लावायला त्यातला एकही हात आला नाही आणि फुलं मात्र इतकी आली की माणूस गेलंय की काय असं वाटावं.

वर तू म्हणतेस, "आजी, तुझ्या काळी असलं काही नव्हतं, म्हणून तुला समजत नाही." नव्हतं? अगं, आख्खी आळी माझ्या शिलाई मशिनवर चालायची. ऐक.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही सुप्याच्या अलीकडं, पुण्या-नगरच्या रस्त्याला लागून असलेल्या गावात राहायचो. तुझे आजोबा विहिरीवरच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचे. जळालेली मोटार आली की तिच्या तांब्याच्या तारा काढायच्या, नव्या गुंडाळायच्या. धंद्यासाठी म्हणून त्यांनी फोनचा अर्ज केला होता. तो इतक्या वर्षांनी मंजूर झाला की तार ओढायला माणसं आली तेव्हा आम्ही विचारलं, "कशाची तार?" दुकान गळकं, म्हणून फोन घरात बसवला. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून माझ्या शिलाई मशिनवर. काळा, चकतीचा, चांगला जड. मी त्याला मोराचं भरतकाम केलेलं झाकण शिवलं, आणि ते शेवटचं. त्यानंतर त्या मशिनवर टाका म्हणून पडला नाही.

फोन आला आणि आठ दिवसांत आळीतल्या प्रत्येक घराचा झाला. तेव्हा लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर नंबर द्यायचा आणि पुढं कंसात लिहायचं, पी.पी. त्या अक्षरांचा अर्थ आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हता, पण मतलब सगळ्यांना ठाऊक होता: फोन शेजाऱ्याचा आहे, जरा धरून ठेवा, बोलावून आणतो. टेलरमामांनी तर आमचा नंबर त्यांच्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला आणि मग आम्हाला सांगायला आले.

"वहिनी, पाटी बगितली का? मोराचा रंग तुमच्या झाकनाशी म्याच केलाय."

आता बोलावून कसं आणायचं? आळी लांबलचक, माझं तोंड घरात, पोळी तव्यावर. पहिले दिवस मी ओरडून बघितलं, घसा बसला. मग माझ्या सासूबाईंनी तोड काढली. घरटी एक भांडं ठरवून दिलं. उंबऱ्यात उभं राहायचं आणि ते वाजवायचं. मास्तरांच्या घराला परात. टेलरमामांना तांब्या. विहारासमोरच्या ताईंना लोखंडी खलबत्ता, कारण त्यांचं घर आळीच्या टोकाला, तिथंवर दुसरं काही पोचत नव्हतं.

तू त्या मोबाईलमध्ये प्रत्येकाला वेगळी रिंग लावतेस ना? मग.

त्यावरून भांडणं झाली नसती तरच नवल. टेलरमामी कंबरेवर हात ठेवून आल्या. "मास्तरास्नी परात आन आमाला तांब्या? आमी काय तुमच्या दारात पानी मागाया येतो व्हय?" सासूबाईंनी त्यांना पितळी घंगाळ दिलं तेव्हा त्या शांत झाल्या. मास्तरांना परातीचा आवाज शाळेच्या घंटेसारखा वाटायचा. फोन आला की ते आधी खडू शोधायचे. आणि माझी खरी अडचण अशी की खलबत्ता त्या ताईंना दिल्यापासून आमच्या घरात चटणी बंद झाली. मी शेंगदाणे कुटायला घेतले की त्या बिचाऱ्या पदर खोचत धावत यायच्या. "कुनाचा फोन?" मी म्हणायची, "कुनाचा न्हाई ताई, शेंगदान्याची चटनी हाय." त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवणार? अर्धी चटणी त्यांच्याबरोबर जायची. शेवटी सासूबाईंनी नियम केला, कुटायच्या आधी दारात येऊन ओरडायचं, "फोन न्हाई, चटनी हाय!" ते ऐकून टेलरमामी वाटी घेऊन यायच्या.

सासूबाईंचं अजून एक होतं. सगळ्यांचे कान त्या एका रिसीव्हरला लागतात हे त्यांना सोसायचं नाही. ओलं फडकं घेऊन त्या शेजारीच बसायच्या आणि कुणी फोन ठेवला की पुसायच्या. म्हणजे, खरं सांगायचं तर, सगळ्यांनंतर पुसायच्या नाहीत. काही कानांनंतर पुसायच्या. ते कुणाचे कान, हे त्या विहारासमोरच्या ताईंनी दोन खेपांत ओळखलं. तिसऱ्या खेपेला सासूबाईंचा सख्खा भाऊ फोनवर बोलून उठला तशा या पटकन म्हणाल्या, "आत्या, ह्यांच्यानंतर तर लई घासून पुसा हां. केसाला तेल किती लावत्यात बगा की, धार लागलीय."

भाऊ लाल झाला. सासूबाईंनी मुकाट्यानं फडकं उचललं. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मागून पुसायला लागल्या, भावाच्या, मास्तरांच्या, माझ्यासुद्धा. आणि त्या ताईंची आणि त्यांची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत. पण हे फडकं लक्षात ठेव, पुढं येणार आहे.

या ताईंची एकच मुलगी. बारावी झाली, टायपिंगच्या परीक्षा पास झाली, आमच्या आळीतली पहिलीच. ताई दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जायच्या, मुलगी सायकलवर टायपिंगच्या क्लासला. सुप्याच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात टायपिस्टची जागा निघाली. तिनं अर्ज केला, मुलाखत दिली आणि अर्जात अर्थातच आमचा नंबर दिला, पी.पी. तिथल्या लोकांनी सांगितलं, निवड झाली तर सोमवारी सकाळी फोन करू. दुपारच्या सुट्टीपर्यंत निरोप पोचला नाही तर पुढच्या उमेदवाराला बोलावू.

आणि इकडं तिचा मामा टपलेला. त्याचं म्हणणं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर त्याच आठवड्यात तो पाहुणे घेऊन येणार, मुलगी दाखवायची, उन्हाळ्यात उरकून टाकायचं. मुलगी माझ्याकडं येऊन म्हणाली, "काकू, मला लग्नाचं भ्या न्हाई वाटत. पन मी एवढी बोटं चालवायला शिकले, ती काय भाकरी थापायला?" मी म्हटलं, "फोन यील. मी हाय ना."

सोमवार उजाडला. सकाळी दार उघडलं तर अंगणात आळी जमलेली. ताई खुरपणीला गेल्या नव्हत्या. मास्तर रजा टाकून आलेले. टेलरमामा टेप गळ्यात अडकवून, टेलरमामी वाटी घेऊन. सवय, दुसरं काय. सगळे घरात आले, फोनभोवती गोल करून बसले आणि त्याच्याकडं बघायला लागले. मी मोराचं झाकण काढून ठेवलं, न जाणो आवाज अडायचा.

फोन गप्प.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "लाईन चालू आहे ना? एकदा बघून घ्यावं." त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला. आतून कुर्रर्र आवाज आला. "चालू आहे," म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. पण मास्तरांना बरं वाटलं म्हणून ताईंना वाटतंय थोडंच? त्या म्हणाल्या, "मला बगू द्या." त्यांनी ऐकलं. मग टेलरमामा म्हणाले, "माझा डावा कान तिखट हाय, द्या हिकडं." त्यांनी डाव्या कानानं ऐकलं, खात्रीसाठी उजव्यानं ऐकलं. मग सासूबाईंनी फोन घेतला, ओल्या फडक्यानं दोन्ही टोकं पुसली, वायरही पुसली आणि मग खाली ठेवला. तोवर मास्तरांना परत शंका यायला लागलेली.

माझे सासरे तर वेगळेच. त्यांना तो कुर्रर्र आवाज आवडायचा. पाळी आली की ते डोळे मिटून ऐकत बसायचे. बराच वेळ ऐकलं की तो आवाज बदलायचा, तुटक तुटक टूं टूं व्हायचा. मग ते दचकून ओरडायचे, "गेली! लाईन गेली!" की सगळे उठायचे, फोन आपटून ठेवायचा, परत उचलायचा, परत सगळ्या कानांवरून फिरायचा. "आली! लाईन आली!" सासूबाईंचं फडकं. परत पहिल्यापासून.

तू हसतेस. तुला कळलं. आम्हाला नाही कळलं. आम्ही त्या पोरीसाठी जिवाचं रान करत होतो, आमच्या मते. कुणी चहा प्यायला उठलं नाही.

मुलगी कोपऱ्यात नखं कुरतडत बसली होती. ऊन माथ्यावर आलं तशी उठली. "काकू, मी जाते सायकल घेऊन. तिथंच जाऊन बगते."

ताई ओरडल्या, "आन फोन आला मंग?"

"आला तर तुमी घ्या."

"तुझा फोन मी कसा घिऊ? तू न्हाईस म्हनल्यावर त्ये म्हनतील पोरगी घरात ठरत न्हाई!"

पण ती गेली. तिकडं काय झालं ते तिनं संध्याकाळी सांगितलं, पण मी तुला आत्ताच सांगते. ऑफिसात शिरली तर समोर टेबलाशी एक क्लार्क घामाघूम होऊन चकती फिरवतोय. तिनं विचारलं, "भाऊसाहेब, टायपिस्टच्या जागेचं काय झालं?"

"थांबा हो बाई, त्याच मुलीला फोन लावतोय. सकाळपासून एंगेज. काय लोक आहेत!"

"ती मुलगी मीच हाय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. अर्जावरच्या फोटोकडं बघितलं. "हो, तुम्हीच," म्हणाला. "बसा. तुम्हाला फोन लागतोय का बघतो."

"आवो, पन मी हितं समोर उभी हाय. सांगा की काय ते."

"तसं नाही करता येत. साहेबांनी शेरा मारलाय, उमेदवारास फोनवरून कळवावे. मी तोंडी सांगितलं आणि उद्या तुम्ही म्हणालात, मला कळवलंच नाही, तर?"

"मी कशाला म्हनीन?"

"लोक म्हणतात," तो म्हणाला, आणि परत चकती फिरवायला लागला. भिंतीवरचं घड्याळ सुट्टीच्या भोंग्याकडं सरकत होतं. ही बाकड्यावर बसून स्वतःला फोन लागायची वाट बघतेय.

इकडं आमच्यात वाद पेटला. सुरुवात टेलरमामांनी केली. म्हणाले, एका फोनपायी ही दशा, उद्या घरटी एक फोन झाला की किती बरं होईल. मास्तर म्हणाले, "होणार, पुढं होणारच. मग माणसं बसल्या जागी सगळ्या जगाशी बोलतील." सासरे चिडले. "आन तारा कुटून जातील? एका घराची एक तार. आळीच्या झाल्या इतक्या, गावाच्या इतक्या, नगरला जानाऱ्या येगळ्या. आभाळ दिसायचं न्हाई. वाळवन कुटं घालायचं?" टेलरमामी म्हणाल्या, "मला हे सांगा, घरटी फोन झाल्यावर बोलनार काय? सकाळी उठून सांगनार का, आज आमी पिठलं केलं म्हनून?" त्यावर आम्ही इतके हसलो, अगं, इतके हसलो. पिठल्याचा फोन! आणि परवा तूच पाठवलास ना ताटाचा फोटो, वर कोथिंबीर वगैरे टाकून?

सासरे हट्टाला पेटले. "चला भाईर, दावतो." सगळ्यांना अंगणात नेलं, काठीनं आभाळात रेघा मारून दाखवायला लागले, ही तुझी तार, ही मास्तराची, ही घोडेगावच्या बाजाराला जानारी, बैलाचा भाव इचाराया. आख्खी आळी माना वर करून उन्हात उभी. मास्तर आडवे आले, त्यांच्या मते तारा जमिनीखालून जातील. "मंग नांगर कुटं घालायचा?" सासरे गरजले. ताईसुद्धा घटकाभर विसरून वर बघत होत्या.

घरात फोनपाशी कुणी नव्हतं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

आणि तो वाजला.

जी काय पळापळ झाली! दारात सगळे एकदम अडकले. मशीन माझं, म्हणून मी कोपरानं वाट काढून पोचले.

"हॅलो! कारखान्याच्या ऑफिसातून बोलतोय. सकाळपासून लावतोय. एवढं कुणाशी बोलत होता हो?"

"कुनाशीच न्हाई, भाऊसाहेब. आमी नुसतं ऐकत हुतो."

"कुणाला?"

याला काय सांगायचं? मी मागं वळून बघितलं. मास्तर खाली बघायला लागले. टेलरमामा आपला तिखट कान खाजवायला लागले.

"ते जाऊ द्या," तो म्हणाला. "मुलीला बोलवा."

"ती तुमच्याकडंच आलीय सायकलवर."

"हो, माझ्यासमोर बसलीय."

मी रिसीव्हर कानावरून काढून त्याच्याकडं बघितलं. मग म्हटलं, "मंग सांगा की तिला."

"तेच तर करतोय. तुम्ही तिला फोनवर बोलवा. भोंगा व्हायला आला, भोंगा झाला की मला पुढच्या नावाला फोन करावा लागेल."

माझ्या मागं ताई उभ्या. त्यांनी माझा पदर घट्ट धरलेला, गाठ मारल्यासारखा. मला कधी नव्हे ते सुचलं.

"भाऊसाहेब, अर्जात हा नंबर कसा लिहिलाय?"

"पुढं पी.पी. आहे."

"ते पी.पी. म्हंजे मी. मला निरोप देता येतो का न्हाई?"

कागदांचा आवाज आला. "पी.पी.ला निरोप देता येतो," तो म्हणाला आणि एकदम जड आवाजात वाचायला लागला, "आपली टायपिस्ट पदासाठी निवड झाली असून एक तारखेपासून कामावर हजर व्हावे."

"समजलं. आता तुमच्या हातातला फोन त्या मुलीच्या हातात द्या."

"कशाला?"

"मला निरोप पोचवायचाय."

त्यानं दिला. पलीकडून बारीक आवाज आला. "काकू?"

"अगं, कारखान्यातून फोन आलता. तुझी निवड झाली!"

"कधी आलता?"

"आत्ताच. अजून चालू हाय!"

आणि तेवढ्यात तिकडं भोंगा झाला, मला फोनमधून ऐकू आला.

मी रिसीव्हर ताईंच्या कानाला लावला. दोघी एकमेकींचा श्वास ऐकत होत्या. रिसीव्हर ताईंच्या डोळ्यांच्या पाण्यानं ओला झाला, आणि तो तसाच मास्तरांच्या हातात गेला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. फडकं त्यांच्या मांडीवरच राहिलं.

मास्तरांनी शुभेच्छा दिल्या. टेलरमामांनी कारखान्याचे गणवेश कोण शिवतं याची चौकशी केली. टेलरमामी म्हणाल्या, "पोरी, आज काय केलं बग, पिठलं!" सगळ्यांची एकेक पाळी झाली, मग दुसरी झाली. शेवटी पलीकडून एक भारदस्त आवाज आला, "कोण आहे? माझ्या ऑफिसचा फोन इतका वेळ एंगेज का?" ते साहेब होते. त्या वेळी आमच्याकडून सासऱ्यांची पाळी होती. त्यांनी साहेबांना विचारलं, "तुमच्याकडं तारा वरनं गेल्यात का खालनं?"

सासूबाई तोवर उंबऱ्यात जाऊन परात, तांब्या, घंगाळ, खलबत्ता सगळं एकदम वाजवायला लागलेल्या. ताई म्हणाल्या, "आत्या, मी हितंच हाय की."

"तुला न्हाई गं. गावाला सांगतेय."

मामाचे पाहुणे आले नाहीत. मुलगी त्या कारखान्यात लागली, पुढं तिथंच मोठ्या खुर्चीवर बसली, तिनं तिच्या मर्जीनं, तिला पाहिजे तेव्हा लग्न केलं. घरोघरी फोन आले, भांडी स्वयंपाकघरात परत गेली, मशीन रिकामं झालं. मग तारा गेल्या, सासऱ्यांना बघायला मिळालं नाही. आता सगळी आळी ग्रुपवर आहे. सकाळी उठलं की फुलं येतात, टेलरमामींच्या सुनेचं पिठलं येतं, कोण ऑनलाईन आहे ते दिसतं. मीही बघते. दर थोड्या वेळानं उचलते, बघते, ठेवते. चालू आहे.

माझा घोटा सुजला तेव्हाची ती फुलं आली ना, त्या दिवशी मी काठी टेकत कशीबशी स्वयंपाकघरात गेले आणि खलबत्ता घेऊन शेंगदाणे कुटायला बसले. चार घाव झाले नसतील तर दारात ताईंची ती मुलगी उभी, आता आईच्याच घरात राहते. केस पिकलेत आता तिचे.

"काकू, कुनाचा फोन?"

"फोन न्हाई गं, चटनी हाय."

तिची नजर सुजलेल्या घोट्यावर गेली. "मग कुटताय काय बसून? पाय बघू इकडं." आणि तिनं माझ्या घोट्याला हळद लावली. अर्धी चटणी घेऊन गेली, तो तिचा हक्कच आहे.

उरलेली अर्धी बरणीत ठेवलीय. तुझ्यासाठी. चटणीचा फोटो पाठवणार नाही, मागू नकोस. या शनिवारी ये. सुप्याच्या अलीकडं उतरलीस की सरळ चालत ये, येते म्हणून आधी फोनसुद्धा करू नकोस, दार उघडंच असतं. ये बाई लवकर.